मायामीच्या बंदरात आपलं टर्मिनल कसं ओळखायचं आणि गाडी कुठं लावायची?

होटगी_रोड
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातले काका-काकू (वय ७१ आणि ६७) हिवाळ्यात मुलाकडं अटलांटाला जाणार आहेत. फेब्रुवारीत मुलगा-सून आणि हे दोघं गाडीनं मायामीला जातील, तिथून सात रात्रींची क्रूझ. बुकिंगच्या कागदावर बंदराचं नाव 'मायामी, फ्लोरिडा' एवढंच आहे. नकाशात बंदर टाकलं की पिन पडते बेटाच्या मधोमध, मालाच्या कंटेनरांत. टर्मिनल कोणतं ते आधी कसं कळतं? गाडी बंदरातच लावावी का बाहेरच्या स्वस्त पार्किंगला? काकूंचा गुडघा दुखरा आहे, फार चालवणार नाही. माहितगारांनी सविस्तर सांगा.

चाटी_गल्ली
टर्मिनलच्या आधी बंदर पक्कं करा. फ्लोरिडात मोठी क्रूझ बंदरं एक नाही, बरीच आहेत. मायामी वेगळं. फोर्ट लॉडरडेलचं पोर्ट एव्हरग्लेड्स वेगळं. ऑर्लँडोच्या बाजूचं पोर्ट कॅनव्हरल वेगळं. टँपा आणि जॅक्सनव्हिल आणखी निराळी. मायामी आणि एव्हरग्लेड्समध्ये सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे आपलं सोलापूर-तुळजापूर. एकाच कंपनीची जहाजं दोन्हीकडून सुटतात, त्यामुळं 'आमची कंपनी मायामीची' एवढ्यावर जाऊ नका. जहाजाचं नाव आणि तारीख जुळवून बघा.

भुईकोट
चाटी_गल्ली यांनी मुद्द्याचं सांगितलं. पुढचं मी सांगतो.

मायामीत टर्मिनलांना अक्षरं आहेत. ढोबळमानानं कंपनीवार बघितलं तर रॉयल कॅरिबियनची मोठी जहाजं ए ला, नॉर्वेजियन बी ला, व्हर्जिन व्ही ला, कार्निव्हल डी-ई-एफ या पट्ट्यात, आणि एमएससी २०२५ मध्ये सुरू झालेल्या डबल ए - ट्रिपल ए या जोड टर्मिनलला. पण हे डोक्यात ठेवायचं अंदाजापुरतं. एका दिवशी एकाच कंपनीची दोन-तीन जहाजं लागली की त्यातलं एखादं दुसऱ्या टर्मिनलला जातं. म्हणून शेवटचा शब्द दोनच ठिकाणचा: ऑनलाइन चेक-इन केल्यावर निघणारा बोर्डिंग पास, आणि बंदराच्या संकेतस्थळावरचं त्या दिवसाचं जहाजांचं वेळापत्रक. दोन्हीत अक्षर एकच आलं की बिनधास्त. वेगळं आलं तर कंपनीला फोन. निघायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा, धक्का बदलला तर कंपनी मेल किंवा मेसेज पाठवते आणि तो नेमका जाहिरातींच्या फोल्डरमध्ये पडतो.

नकाशात 'पोर्ट मायामी' टाकू नका. 'क्रूझ टर्मिनल' आणि पुढं अक्षर, असं टाका. गॅरेजही, म्हणजे पार्किंगच्या इमारती, त्याच अक्षरांनी ओळखली जातात, गॅरेज डी, गॅरेज जी अशी. आपल्या टर्मिनलला लागून असलेलं गॅरेज धरा. काकूंचं चालणं त्यानंच वाचेल.

नवी_पेठ_७
रस्त्याचं मी लिहितो, कारण टर्मिनल माहीत असूनही माणसं चुकतात ती शेवटच्या पाच किलोमीटरात.

बंदर डॉज आयलंड नावाच्या बेटावर आहे. बेटावर जायला दोन वाटा. एक पूल, पोर्ट बुलेव्हार्ड, जो शहराच्या ऐन मध्यातून, बास्केटबॉलच्या मोठ्या अरीनाच्या बाजूनं चढतो. दुसरा बोगदा. बोगदा २०१४ साली सुरू झाला. त्याआधी बंदराचा सगळा ट्रकमाल शहराच्या रस्त्यांतून जायचा. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीच्या दोन नळ्या जहाजांच्या वाटेखालून जातात. टोल नाही.

अटलांटाहून येताना आय-७५ हायवेनं खाली यायचं, वाइल्डवुडला फ्लोरिडा टर्नपाइक हा टोलचा रस्ता धरायचा, मग आय-९५, आणि आय-९५ वरून आय-३९५ पूर्वेकडं, मायामी बीचच्या दिशेनं. पुढं तोच रस्ता मॅकआर्थर कॉजवे, म्हणजे पाण्यावरून जाणारा रस्ता, होतो. बोगद्याचं तोंड कॉजवेच्या मधोमध आहे, म्हणजे डाव्या लेनमध्ये राहायचं. बाहेर पडायचं म्हणजे उजवीकडं, ही सवय इथं नडते. डावी लेन सुटली तर पाण्यावरून थेट मायामी बीच, आणि तिथून वळून परत. शनिवार-रविवारच्या गर्दीत त्यात अर्धा तास सहज जातो.

बोगद्यात जीपीएस तुटतं. वर आल्यावर फोन परत जागेवर यायच्या आत फाटे सुरू होतात. तेव्हा फोनकडं न बघता डोक्यावरच्या पाट्या बघायच्या, त्यावर टर्मिनलची अक्षरं मोठी लिहिलेली असतात. शेजारी बसणाऱ्याला अक्षर आधी सांगून ठेवा, तो वाचेल, चालवणारा चालवेल.

पूल का बोगदा? एरवी बोगदा. अरीनात कार्यक्रम असला की पुलाकडं जाऊच नका. आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मायामीची मॅरेथॉन असते, ती धावते याच मॅकआर्थर कॉजवेवरून. क्रूझ त्या रविवारची असेल तर बंद रस्त्यांची यादी आधी बघून घ्या.

कंबर_तलाव
गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानाजवळ ज्यानं गाडी लावली त्याला मायामीचं काय भ्या! 😀

नवी_पेठ_७
@कंबर_तलाव, गड्ड्याला गाडी विजापूर वेशीत लावून चालत जाता येतं की हो. तिथं चार बॅगा घेऊन पुलावरून चालत जाणं काकूंना जमायचं नाही. तोच फरक आहे.

अक्कलकोट_नाका
बंदरातल्या गॅरेजला माझा विरोध आहे. आठवड्याचा हिशेब मांडला तर बाहेरची खासगी पार्किंग, हॉटेलवाल्यांची 'राहा आणि गाडी ठेवा' पॅकेजं बरीच स्वस्त पडतात. शटल टर्मिनलच्या दारात सोडते. शिवाय अटलांटा ते मायामी हजार किलोमीटरच्या वर आहे, आदल्या रात्री हॉटेल लागणारच. मग गाडी तिथंच का ठेवू नये?

भुईकोट
@अक्कलकोट_नाका, दोघं तरणे असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण शटलमध्ये तीन गोष्टी विचारून घ्यायच्या असतात. माणशी पैसे घेतात का गाडीमागं? चार माणसं जायची-यायची म्हटल्यावर स्वस्ताई तिथंच संपू शकते. परतीला शटल ठरलेल्या वेळी येते का फोन केल्यावर? आणि पायरी किती उंच? व्हॅनची पायरी दुखऱ्या गुडघ्याला गॅरेजमधल्या चालण्यापेक्षा वाईट.

बंदराच्या गॅरेजचे पैसे मोजताना दिवस मोजा, रात्री नव्हे. बऱ्याच बंदरांत चढायचा आणि उतरायचा असे दोन्ही दिवस धरतात, सात रात्री म्हणजे आठ दिवस. तुलना त्या आकड्याशी करा.

अक्कलकोट_नाका
माणशी पैशांचा मुद्दा मान्य. फोर्ट लॉडरडेलला हॉटेल स्वस्त मिळतं म्हणून तिथं राहणारे असतात, त्यांनी मात्र शटल नक्की मायामी बंदराला जाते का एव्हरग्लेड्सला, हे लेखी घ्यावं. दोन्हीला लोक 'पोर्ट'च म्हणतात.

दत्त_चौक
आमचे शेजारी एव्हरग्लेड्सहून जाणार आहेत, त्यांच्यासाठी विचारतो. तिथंही असंच का?

चाटी_गल्ली
तिथं आकडे आहेत: २, ४, १८, १९, २१, २५, २६, २९. मधले आकडे क्रूझला नाहीत, म्हणून १९ नंतर २० शोधत बसू नका. शिरायच्या वाटा तीन, १७ व्या रस्त्याकडून, स्टेट रोड ८४ कडून आणि एलर ड्राइव्हकडून. आय-५९५ पूर्वेकडं धरला की तोच रस्ता एलर ड्राइव्ह होऊन सरळ बंदरात शिरतो, विमानतळ उजव्या हाताला. फाटकावर तपासणी असते. गाडीतल्या मोठ्या माणसांची फोटो ओळखपत्रं हातात ठेवा, पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत असला की मागच्या रांगेचा हॉर्न ऐकावा लागतो.

पोर्ट कॅनव्हरल असेल तर गंमत आणखी वेगळी. खाडीच्या दोन अंगांना टर्मिनलं आहेत. दक्षिणेला १ आणि ३, उत्तरेला ५, ६, ८, १०. स्टेट रोड ५२८ वरून दोन्हींना वेगवेगळे एक्झिट. चुकीच्या अंगाला उतरलात तर समोर आपलं जहाज दिसतं, मध्ये पाणी.

विजापूर_वेस
टँपाला सगळ्यात मोठी जहाजं का जात नाहीत, माहितीय का कुणाला? खाडीच्या तोंडावर सनशाइन स्कायवे पूल आहे, त्याखाली मोकळी उंची साधारण १८० फूट. आजची राक्षसी जहाजं त्याखालून जात नाहीत. म्हणून 'टँपाहून सुटणारं अमुक महाजहाज' असं कुणी एजंट सांगत असेल तर बुकिंग पुन्हा वाचा.

सात_रस्ता
धाग्याला थोडी बगल देते, माफ करा. आपल्या मुंबईहून क्रूझ घ्यायची तर सोलापूरकरांनी गाडी कुठं लावायची?

भुईकोट
@सात_रस्ता ताई, गाडी नेऊच नका. क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पियरला आहे, सीएसएमटीपासून टॅक्सीनं पाच-दहा मिनिटं. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीलाच उतरवते. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबाराच्या आसपास पोचते. जहाज संध्याकाळचं असेल तर तीही चालेल, पण चेक-इनची वेळ बघून. माझं मत सिद्धेश्वरला. गाडीला दोन तास उशीर झाला तरी दिवस हातात राहतो.

सिद्धेश्वर_पेठ
मुंबईत चूक होते ती नावांची. टॅक्सीवाल्याला 'बोटीचा धक्का' सांगितलं की तो भाऊच्या धक्क्याला नेतो, कारण मांडव्याची रो-रो तिथून सुटते. 'गेटवे' सांगितलं की घारापुरीच्या लाँचजवळ. क्रूझसाठी सांगायचं 'बॅलार्ड पियर, ग्रीन गेट'. गेटवर तिकीट आणि ओळखपत्र बघतात. नवं आंतरराष्ट्रीय टर्मिनल २० सप्टेंबर २०२५ ला सुरू झालं, चेक-इन आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर आहेत.

गाडी न्यायचीच असेल, म्हणजे सोबत फार म्हातारं माणूस असेल, तर पुण्याहून एक्स्प्रेसवे, अटल सेतूनं शिवडी, तिथून ईस्टर्न फ्रीवे. फ्रीवे ऑरेंज गेटजवळ पी. डिमेलो रोडला उतरतो. तिथून ग्रीन गेट पुढं जवळच. माणसं उतरवा आणि चालकाला गाडी घेऊन नातेवाइकांकडं पाठवा. फोर्टात चार दिवस गाडी रस्त्यावर ठेवायचा विचारही नको.

जोडबसवण्णा_चौक
सिंगापूरला जाणाऱ्यांनीही हे वाचावं. तिथं मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर अशी दोन आहेत. पहिल्याला मेट्रोचं मरीना साउथ पियर स्टेशन, दुसऱ्याला हार्बरफ्रंट. टूरवाले नुसतं 'सिंगापूर क्रूझ सेंटर' बोलतात, ते एका जागेचं नाव आहे का सगळ्यालाच म्हणताहेत, ते विचारून घ्या.

होटगी_रोड
खूप आभार. मुंबईचंही उपयोगी पडेल. आता परत मायामीवर येऊ का? टर्मिनलच्या दारात गेल्यावर क्रम काय? सगळ्यांनी गाडीतच गॅरेजपर्यंत जायचं, का आधी उतरायचं? आणि किती वाजता पोचायचं?

भुईकोट
आधी उतरायचं. हाच माझा आग्रह आहे, आणि गॅरेज टर्मिनलला चिकटून असलं तरीही.

गाडी टर्मिनलच्या फुटपाथला लावा. हमाल तिथंच ट्रॉली घेऊन उभे असतात. मोठ्या बॅगा त्यांच्या हवाली, बॅगेमागं एक-दोन डॉलर द्यायची रीत आहे, सुट्या नोटा वरच्या खिशात ठेवा. काका-काकू आणि सून तिथंच उतरतील, आत बसायला जागा असते. मुलगा एकटा रिकामी गाडी घेऊन गॅरेजला जाईल. रिकाम्या गाडीचा फायदा असा की जवळचे मजले भरले असले तरी त्याला वरच्या मजल्यावरून बॅगा ओढत लिफ्टची वाट बघायला लागत नाही. गाडी लावली की खांबावरचा मजला, रांगेचं अक्षर आणि गॅरेजचं नाव यांचा फोटो काढायचा. पार्किंगची चिठ्ठी पाकिटात, गाडीत नव्हे. गाडीच्या टपावर सामानाची पेटी असेल तर गॅरेजच्या तोंडाशी लिहिलेली उंची वाचूनच आत शिरायचं.

एक खबरदारी: उतरताना मुलाचा पासपोर्ट आणि बोर्डिंग पास त्याच्याचकडं राहू द्या. कागद सगळे सुनेच्या पर्समध्ये गेले आणि तो बाहेर अडकला, हे फार होतं.

नवी_पेठ_७
बॅगेच्या टॅगबद्दल. टॅग घरीच छापायचे, प्रत्येक मोठ्या बॅगेला एक, वर एखाद-दुसरा जादा. कागदावर ठिपक्यांच्या रेषा असतात, त्यावर लांबट पट्टी होईल अशी घडी घाला, केबिनचा नंबर बाहेर दिसला पाहिजे. पट्टी वरच्या हँडलमधून ओवा, चाकाकडच्या नको, ट्रॉलीत तो घासून फाटतो. मग दोन टोकं जुळवून पिना मारा, निदान तीन, आडव्या. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टीचा एक वेढा. इंकजेटवर छापलं असेल तर चिकटपट्टी लागतेच, मायामीत दुपारची सर आली की शाई पसरते आणि ८ चा ३ होतो. बॅग मग दुसऱ्याच केबिनच्या दारात.

औषधं, चष्मा, पासपोर्ट, काकूंचा नी-कॅप हे सगळं हातातल्या पिशवीत. हमालाकडं दिलेली बॅग केबिनपाशी यायला संध्याकाळ होते.

कंबर_तलाव
आणि शेंगाचटणी कोणत्या बॅगेत? कडक भाकरीशिवाय सात दिवस काका राहतील का?

सात_रस्ता
दुकानातलं सीलबंद पाकीट न्या. घरी बांधून दिलेलं अन्न बहुतेक कंपन्या चढताना घेऊ देत नाहीत. बाटलीतली तेल घातलेली चटणी तर नकोच, सुकी चटणी सीलबंद, दोन पाकिटं पुरे. परतीला फळं, मांस असं काही जहाजावरून खाली आणू नका, अमेरिकेच्या कस्टममध्ये अडतं.

सिद्धेश्वर_पेठ
वेळेचं उत्तर राहिलं. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी सुटायच्या ६० मिनिटं आधी सरकारकडं पाठवावी लागते. म्हणून कंपन्या चेक-इन त्याच्याही आधी, बहुधा तास-दीड तास आधी, बंद करतात. चारची बोट म्हणजे चारला पोचायचं नाही. ऑनलाइन चेक-इनमध्ये पोचायची अर्ध्या तासाची खिडकी निवडायला मिळते, ती उघडताक्षणी घ्या. काका-काकूंसाठी साडेबारा-एकची घ्या. अगदी सकाळची नको, कारण साडेनऊ ते साडेअकरा आदल्या फेरीचे लोक उतरत असतात, दोन्ही गर्द्या एकाच रस्त्यावर. २०२४ च्या आर्थिक वर्षात या बंदरातून ८२ लाखांवर प्रवासी गेले-आले, त्यातले बरेच शनिवार-रविवारचे.

आणि व्हिसा बघा. जहाज बहामाला लागलं की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात. काका-काकूंचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, पासपोर्टची मुदत भरपूर हवी. वाटेतल्या प्रत्येक देशाचा भारतीय पासपोर्टसाठीचा नियम कंपनीकडून लेखी घ्या.

दत्त_चौक
टोलचं कुणी लिहिलं नाही. टर्नपाइकवर रोख घेत नाहीत. जॉर्जियाचा पीच पास (टोलचा टॅग) असेल तर तो फ्लोरिडात चालतो, खात्यात पैसे ठेवा. गाडी इलेक्ट्रिक असेल तर आदल्या दिवशी चार्ज करून ठेवा आणि पहारा देणारे कॅमेरे बंद करा, आठ दिवसांत बॅटरी उतरते.

अक्कलकोट_नाका
परतीच्या दिवसाचं माझ्याकडून. जहाज पहाटे लागतं, पण सामान आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवलं असेल तर खाली हॉलमध्ये टॅगच्या नंबरानं शोधावं लागतं. मुलानं आधी जाऊन गाडी आणू नये. हॉलमधून बॅगा बाहेर आल्या, सगळे फुटपाथवर उभे राहिले, मग गाडी आणावी. उलट केलं तर पोलीस थांबू देत नाहीत आणि बेटाला फेरी मारावी लागते, आणि त्या फेरीत चुकून पुलावर गेलात तर शहरातून परत.

होटगी_रोड
@भुईकोट काका, @नवी_पेठ_७, @अक्कलकोट_नाका, सगळं मुलाला पाठवलं. त्यानं आत्ताच चेक-इन उघडून बघितलं: बंदर मायामीच, टर्मिनल बी. शुक्रवारी रात्री हॉटेल, शनिवारी एकची खिडकी. गाडी बंदरातल्याच गॅरेजला, शटलवाला माणशी पैसे मागत होता. व्हीलचेअर सांगावी का, काकू नको म्हणताहेत.

भुईकोट
सांगा. कंपनीला आत्ताच कळवा, फोनवर नको, मेलनं. फुटपाथपासून जहाजापर्यंतची व्हीलचेअर मागायची, जहाजावर वापरायची नव्हे, हे स्पष्ट लिहा, दोन्हींचे अर्ज वेगळे असतात. काकूंना म्हणावं, आत तपासणीची रांग, मग लांबलचक गॅंगवे, म्हणजे जहाजात चढायची वाट, आणि तो चढाचा असतो. गुडघा पहिल्या दिवशी वाचवला तर पुढचे सहा दिवस बंदरं बघून होतील. आणि शुक्रवारी रात्री बंदराचं वेळापत्रक उघडून बी अजून बी च आहे ना, तेवढं बघा.